प्रक्षेप्य गतीची उदाहरणे: दोन स्तंभ आणि त्यांना जोडणारा काळ

दहावीपर्यंतच्या विज्ञानात गतीची जी उदाहरणे येतात, ती एका सरळ रेषेत घडतात. गाडी रस्त्यावर वेग वाढवते, दगड गच्चीवरून सरळ खाली पडतो, सरळ वर फेकलेला चेंडू परत हातात येतो. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की चेंडू तिरका फेकला जातो, आणि नेमक्या याच ठिकाणी अनेक विद्यार्थी, विशेषतः मराठी माध्यमातून आलेले आणि एकाच वर्षात नवी भाषा व नवे गणित दोन्ही पचवू पाहणारे, सूत्रांची यादी पाठ करण्याचा मार्ग धरतात. उड्डाणकालाचे (हवेत राहण्याच्या काळाचे) एक सूत्र, महत्तम उंचीचे दुसरे, पल्ल्याचे (सुटण्यापासून पडण्यापर्यंतच्या आडव्या अंतराचे) तिसरे. ही यादी सुरुवातीच्या काही उदाहरणांना पुरते. त्यानंतरच्या उदाहरणात चेंडू जमिनीवरून न सुटता एखाद्या कड्यावरून सुटतो, आणि यादीतील एकही सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही.

येथे मांडलेल्या पद्धतीत पाठांतर फार थोडे आहे. एका रेषेतील गतीची समीकरणे, काटकोन त्रिकोणातील साईन, कोसाईन व टॅन ही गुणोत्तरे आणि वर्गसमीकरण सोडवण्याची रीत एवढी सामग्री तिला पुरते, आणि हे सर्व दहावीपर्यंत शिकून झालेले असते. नवीन गोष्ट एकच शिकायची आहे: तिरकी गती दोन सरळ गतींमध्ये मोकळी कशी करायची आणि शेवटी त्या दोघींना पुन्हा एकत्र कशाने आणायचे.

प्रक्षेप्य कशाला म्हणायचे

हातातून, धनुष्यातून किंवा तोफेतून एकदा सुटल्यानंतर जिच्यावर फक्त गुरुत्वाकर्षणाचे बल कार्य करते, ती वस्तू म्हणजे प्रक्षेप्य. या व्याख्येतील ‘सुटल्यानंतर’ हा शब्द विसरू नये. चेंडू हातात असताना हात त्याला ढकलत असतो, त्यामुळे तो भाग आपल्या उदाहरणाबाहेरचा आहे; जमिनीवर आपटल्यानंतरचा भागही बाहेरचाच. आपले उदाहरण चेंडू बोटांतून निसटतो त्या क्षणी सुरू होते आणि तो कशाला तरी स्पर्श करतो त्या क्षणी संपते. इंजिन चालू असलेले रॉकेट प्रक्षेप्य नाही, कागदी विमान नाही आणि बॅडमिंटनचे फूलही नाही, कारण या सर्वांवर गुरुत्वाखेरीज आणखी बले जाणवण्याइतक्या प्रमाणात कार्य करत असतात.

पुस्तकातील उदाहरणांत तीन गोष्टी, बहुधा न सांगता, गृहीत धरलेल्या असतात. हवेचा विरोध नाही, गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखेच म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि जमीन सपाट आहे. शाळेच्या मैदानावरील गोळ्यासाठी ही गृहीतके उत्तम चालतात. भालाफेकीसाठी ती तितकीशी चालत नाहीत, कारण भाला हवेवर काही अंशी तरंगत जातो. नीरज चोप्रा यांच्या २०२१ मधील टोकियो ऑलिंपिकच्या ८७.५८ मीटर फेकीचे गणित या लेखातील समीकरणांनी मांडले, तर ते ढोबळच राहील.

चित्र काढताना बरेच जण चेंडूवर, तो ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेने, ‘फेकीचे बल’ म्हणून एक बाण काढतात. असे बल अस्तित्वात नाही. हाताने दिलेला वेग चेंडूजवळ राहतो, पण हाताचे बल हातापाशीच संपते. हवेतील चेंडूच्या चित्रात बलाचा बाण एकच, सरळ खाली जाणारा. आणि तो सरळ खाली आहे म्हणूनच पुढची सगळी पद्धत उभी राहते: गुरुत्वाला आडवा घटक नाही, त्यामुळे ते आडव्या वेगात काहीही बदल करू शकत नाही, आणि आडवा वेग कितीही असला तरी उभ्या पतनावर त्याचा काही परिणाम होत नाही. गॅलिलिओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला. आडवी एकसमान गती आणि उभी त्वरित गती एकत्र आल्या की मार्ग अन्वस्त (पॅराबोला) होतो, हे त्यांनी भूमितीने सिद्ध केले.

कागदावर आधी काय मांडायचे

उदाहरण वाचून झाल्यावर सूत्र शोधू लागण्याआधी एक ओबडधोबड चित्र काढावे. वस्तू कोठून सुटते, कोठे पोहोचते आणि मध्ये काही भिंत, जाळी किंवा दरी आहे का, एवढे त्यात दिसले तरी पुरे. सुटण्याच्या बिंदूला आरंभबिंदू माना. त्यानंतर वरची दिशा धन आणि फेकीच्या बाजूची आडवी दिशा धन, असे कागदावर लिहून ठेवा. लिहून ठेवा यासाठी म्हणतो, की मनात ठरवलेली धन दिशा उदाहरणाच्या मध्यावर नकळत बदलते. एकदा वर धन ठरले की गुरुत्व त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत उणे ९.८ असते, चेंडू वर जात असो, शिखरावर असो वा खाली येत असो, त्याचे चिन्ह पालटत नाही. कड्याखालच्या जमिनीची उंचीही याच हिशेबाने उणे येते.

पुढची पायरी आरंभवेगाचे घटक पाडण्याची. वेग सदिश राशी आहे, म्हणजे त्याला परिमाणाबरोबर दिशाही असते, म्हणून त्याला कर्ण मानून काटकोन त्रिकोण काढावा. फेकीचा कोन जमिनीपासून मोजलेला असेल, तर आडवा घटक म्हणजे वेग गुणिले कोनाचा कोसाईन आणि उभा घटक म्हणजे वेग गुणिले कोनाचा साईन. ‘आडव्याला कोसाईन, उभ्याला साईन’ असे मात्र पाठ करू नये. काही प्रश्नांत कोन उभ्या रेषेपासून दिलेला असतो आणि तेव्हा दोन्हींची अदलाबदल होते. कोनाला लागून असलेल्या बाजूला कोसाईन, समोरच्या बाजूला साईन, एवढेच त्रिकोणात पाहून लिहावे. वेग किलोमीटर प्रति तासात दिला असल्यास तो याच वेळी ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंदात आणावा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. पुढे हे एकक ‘मी/से’ असे लिहिले आहे.

आता कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे आडव्या गतीचा स्तंभ, उजवीकडे उभ्या गतीचा. इंग्रजी पुस्तकांत हेच दोन भाग एक्स आणि वाय या अक्षरांनी वेगळे दाखवतात.

डाव्या स्तंभात त्वरण शून्य आहे, त्यामुळे तेथे एकच समीकरण लागते:

आडवे अंतर = आडवा वेग × काळ

उजव्या स्तंभात त्वरण उणे ९.८ आहे, आणि सरळ रेषेतील गतीची तिन्ही समीकरणे तेथे जशीच्या तशी येतात:

उभा वेग = उभा आरंभवेग − ९.८ × काळ
उंची = उभा आरंभवेग × काळ − ४.९ × काळ²
उभा वेग² = उभा आरंभवेग² − १९.६ × उंची

दोन्ही स्तंभांत सामायिक असलेली राशी फक्त काळ. डावीकडची कोणतीही दुसरी संख्या उजवीकडच्या समीकरणात घालता येत नाही आणि उजवीकडची डावीकडे घालता येत नाही. तिरका, म्हणजे घटक न पाडलेला वेग तर कोणत्याच स्तंभात जात नाही. माझ्या मते या प्रकरणातील बहुसंख्य चुका हा एक नियम मोडल्यानेच होतात. उभ्या समीकरणात तिरका वेग घातला जातो, किंवा आडव्या समीकरणात ९.८ शिरते. मधली रेघ त्यासाठीच आहे. सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत ती बालिश वाटली तरी मारावी.

स्तंभ भरून झाले की प्रश्नाच्या शब्दांचे एखाद्या अटीत रूपांतर करायचे असते. ‘सर्वांत जास्त उंचीवर’ म्हणजे उभा वेग शून्य. ‘जमिनीवर पडेल तेव्हा’ म्हणजे उंची शून्य, आणि कड्यावरून फेकले असल्यास उणे कड्याची उंची. ‘भिंतीपाशी’ म्हणजे आडवे अंतर भिंतीइतके. अट ज्या स्तंभातील राशीबद्दल असेल, त्या स्तंभातून काळ काढावा आणि तो दुसऱ्या स्तंभात न्यावा. यापुढील सर्व उदाहरणे याच एका हालचालीची रूपे आहेत.

पहिले उदाहरण: आडवी फेक

जमिनीपासून १९.६ मीटर उंच गच्चीवरून एक चेंडू १५ मी/से वेगाने अगदी आडवा फेकला. तो किती वेळाने आणि किती दूर पडेल?

आडवी फेक हा सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण उभा आरंभवेग शून्य असतो. ‘आडवा फेकला’ या दोन शब्दांत ही माहिती दडलेली असते आणि ती उजव्या स्तंभात लगेच लिहावी. आता ‘जमिनीवर पडेल’ ही अट उभ्या स्तंभातील आहे: −१९.६ = ० − ४.९ × काळ². यातून काळाचा वर्ग ४, म्हणजे काळ २ सेकंद. हा काळ डावीकडे नेला की आडवे अंतर १५ × २ म्हणजे ३० मीटर.

चेंडू कोणत्या वेगाने आपटेल असे विचारले असेल, तर दोन्ही घटक हवेत. आडवा घटक अजूनही १५ आहे; उभा घटक ० − ९.८ × २, म्हणजे −१९.६. पायथागोरसच्या प्रमेयाने एकूण वेग २२५ अधिक ३८४.१६ यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २४.७ मी/से. दिशेसाठी १९.६ ला १५ ने भागावे, टॅन १.३०७ येतो आणि कोन जमिनीच्या पातळीखाली सुमारे ५२.६ अंश. वेग विचारल्यावर दिशाही सांगायची असते, हे उत्तरपत्रिकेत हमखास राहून जाते.

फेकीचा वेग १५ ऐवजी ३० केला असता, तर काळ किती बदलला असता? अजिबात नाही. उभ्या स्तंभात आडवा वेग येतच नाही. चेंडू ६० मीटरवर पडला असता, पण दोनच सेकंदांत.

दुसरे उदाहरण: जमिनीवरून जमिनीवर

मैदानाच्या पातळीवरून चेंडू २५ मी/से वेगाने, जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून फटकावला. महत्तम उंची, उड्डाणकाल आणि पल्ला काढा.

३७ अंश हा परीक्षकांचा आवडता कोन आहे, कारण त्याचा साईन जवळजवळ ०.६ आणि कोसाईन जवळजवळ ०.८ येतो, ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणातील हा कोन. आडवा घटक २५ × ०.८ = २० मी/से, उभा घटक २५ × ०.६ = १५ मी/से. शिखरावर उभा वेग शून्य, म्हणून ० = १५ − ९.८ × काळ, आणि चढण्याचा काळ १.५३ सेकंद. उंचीसाठी तिसरे समीकरण सर्वांत जवळचे: ० = २२५ − १९.६ × उंची, म्हणजे ११.५ मीटर. सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असल्याने उतरण्याला चढण्याइतकाच काळ लागतो, उड्डाणकाल ३.०६ सेकंद आणि पल्ला २० × ३.०६, म्हणजे सुमारे ६१.२ मीटर.

शिखराबद्दल दोन गैरसमज फार चिवट आहेत. एक म्हणजे शिखरावर चेंडूचा वेग शून्य असतो. शून्य असतो तो उभा घटक. आडवे २० मी/से तसेच चालू असतात, आणि म्हणूनच चेंडू शिखरावर न थांबता पुढे जातो. दुसरा गैरसमज म्हणजे शिखरावर त्वरणही शून्य असते. तसे असते तर उभा वेग शून्यावरच राहिला असता आणि चेंडू त्या उंचीवरून सरळ आडवा चालत राहिला असता.

पल्ल्याचे प्रसिद्ध सूत्र याच आकडेमोडीतून अक्षरे वापरून निघते: आरंभवेगाचा वर्ग, गुणिले कोनाच्या दुपटीचा साईन, भागिले गुरुत्व त्वरण. आपल्या संख्यांनी ६२५ × ०.९६ ÷ ९.८ केले, तरी ६१.२ च येतात. कोनाची दुप्पट ९० अंश झाली की साईन सर्वांत मोठा होतो, म्हणून ४५ अंशांवर पल्ला महत्तम. आणि ४५ पासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असलेल्या कोनांना पल्ला सारखा, हेही गॅलिलिओ यांनी दाखवले होते. ३७ ची जोडी ५३ शी जुळते. ५३ अंशांनी फटकावल्यास आडवा घटक १५ आणि उभा २० होतो, चेंडू २०.४ मीटर उंच चढतो, ४.०८ सेकंद हवेत राहतो आणि पडतो पुन्हा ६१.२ मीटरवरच.

हे सूत्र वापरायला माझी हरकत नाही. मात्र ते एका अटीवर उभे आहे: सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असली पाहिजे. ही अट पाळली जात आहे का, हे चित्रात पाहिल्याशिवाय ते लिहू नये.

तिसरे उदाहरण: मध्ये जाळी असेल तर

त्याच फटक्याच्या वाटेत, ५० मीटरवर, ८ मीटर उंच जाळी उभी आहे. चेंडू ती पार करील का?

येथे अट डाव्या स्तंभातील आहे. जाळीपर्यंत पोहोचण्याचा काळ ५० ÷ २० = २.५ सेकंद. त्या क्षणी उंची १५ × २.५ − ४.९ × ६.२५, म्हणजे ३७.५ − ३०.६, सुमारे ६.९ मीटर. जाळी ८ मीटरची असल्याने चेंडू तिला अडकणार. उभा वेग काढला तर तो १५ − २४.५ = −९.५ येतो, चेंडू त्या वेळी खाली उतरत होता हे उणे चिन्हावरून कळते. महत्तम उंची ११.५ मीटर म्हणून ८ मीटरची जाळी सहज पार होईल, असे उत्तर घाईने लिहिणारे पुष्कळ असतात. ती उंची चेंडूने जाळीच्या बरीच आधी, ३०.६ मीटरवर गाठलेली असते.

चौथे उदाहरण: उंचावरून तिरकी फेक

आता तीच फेक, आडवा घटक २० आणि उभा १५, पण जमिनीपासून २० मीटर उंच जागेवरून. चेंडू कोठे पडेल?

आरंभबिंदू वरच्या जागेवर, म्हणून जमिनीची उंची −२०. काळासाठी ‘ट’ हे अक्षर घेतले तर −२० = १५ट − ४.९ट², आणि मांडणी बदलून ४.९ट² − १५ट − २० = ०. सूत्राने ट = (१५ ± √६१७) ÷ ९.८. वर्गमूळ २४.८४, म्हणून दोन उत्तरे मिळतात: ४.०७ सेकंद आणि उणे १.०० सेकंद. उणे काळ आपल्या प्रश्नाच्या कक्षेत बसत नाही, म्हणून तो सोडून द्यावा; पण तो निरर्थक नाही. चेंडूचा अन्वस्त मार्ग सुटण्याच्या क्षणामागे ताणला, तर एक सेकंद आधी तो जमिनीच्या पातळीवर असता, एवढा त्याचा अर्थ आहे. आडवे अंतर २० × ४.०६५, म्हणजे ८१.३ मीटर.

काही शिक्षक हे उदाहरण दोन तुकड्यांत करतात: आधी शिखरापर्यंत, मग शिखरावरून खाली. उत्तर तेच येते आणि वर्गसमीकरणही टळते, पण चुकायला जागा वाढते. एकाच समीकरणात चढ आणि उतार दोन्ही सामावतात, कारण दोन्हींमध्ये त्वरण एकच आहे. सुरुवातीपासून एका समीकरणाची सवय लावलेली बरी.

उत्तर बरोबर आहे का हे पाहण्याची एक स्वतंत्र वाट येथे उपयोगी पडते. ऊर्जेच्या अक्षय्यतेनुसार, जमिनीवर आपटतानाच्या वेगाचा वर्ग हा आरंभवेगाचा वर्ग अधिक १९.६ गुणिले उंची एवढा असतो: ६२५ + ३९२ = १०१७. आपल्या स्तंभांतून शेवटचा उभा वेग १५ − ९.८ × ४.०६५ = −२४.८४ येतो; त्याचा वर्ग ६१७ आणि आडव्याचा ४००, मिळून १०१७. दोन्हीकडून वेग सुमारे ३१.९ मी/से. या पडताळणीत कोन कोठेच येत नाही. म्हणजे त्याच उंचीवरून त्याच वेगाने चेंडू वर, आडवा किंवा थेट खाली, कसाही फेकला तरी तो आपटतो त्याच वेगाने. बदलतो तो काळ, दिशा आणि पडण्याची जागा.

आकडेमोडीबद्दल थोडेसे

गणकयंत्र अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर असेल तर ३७ चा साईन उणे ०.६४ येतो; असे उणे साईन दिसले की आधी यंत्राची मांडणी तपासावी. प्रश्नात गुरुत्व त्वरण १० घ्या असे सांगितले असल्यास १० च घ्यावे आणि समीकरणांतील ४.९ व १९.६ यांच्या जागी ५ व २० लिहावेत. अर्धे उदाहरण ९.८ ने आणि अर्धे १० ने असे करू नये. मधल्या पायऱ्यांत किमान तीन सार्थ अंक ठेवावेत. शेवटी उत्तर डोळ्यांखालून घालावे: माणसाने फेकलेला दगड ४०० मीटर गेला किंवा चेंडू अर्धा मिनिट हवेत राहिला, तर कोठेतरी एकक किंवा चिन्ह बिघडले आहे.

पाचवे उदाहरण: उलट दिशेने

सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ (हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या) गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. त्यांच्या हातातून गोळा किती वेगाने सुटला असेल? गोळा जड आणि आकाराने लहान असल्याने हवेचा विरोध येथे फारसा जाणवत नाही, आणि म्हणून आपली समीकरणे भालाफेकीपेक्षा गोळाफेकीला कितीतरी चांगली लागू होतात. सुटण्याची उंची आणि कोन आपण गृहीत धरू: २ मीटर आणि ३७ अंश. गोळाफेकीसाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत, पण त्या विशिष्ट फेकीचे मोजमाप म्हणून ते वाचू नयेत.

पल्ला माहीत, वेग अज्ञात; उदाहरण उलटे आहे, पण स्तंभ तेच. वेगाला ‘व’ म्हणू. आडवा घटक ०.८व, उभा घटक ०.६व. डावीकडून ट = १६.३२ ÷ ०.८व, म्हणजे २०.४ ÷ व. काळाची संख्या मिळाली नाही, तरी काळाची राशी मिळाली, आणि तीही उजवीकडे नेता येते:

−२ = ०.६व × (२०.४ ÷ व) − ४.९ × (२०.४ ÷ व)²

पहिल्या पदातील ‘व’ छेदला जातो आणि १२.२४ उरतात. दुसरे पद २०३९ ÷ व² होते. म्हणून १४.२४ = २०३९ ÷ व², व² = १४३.२ आणि व सुमारे १२.० मी/से, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. गोळा हवेत १.७ सेकंद होता.

गृहीत धरलेल्या कोनावर हे उत्तर किती अवलंबून आहे, हे पाहण्याजोगे आहे. ३७ ऐवजी ४० अंश घेतल्यास लागणारा वेग ११.९ येतो, ३२ अंश घेतल्यास १२.२. कोन इतका हलवूनही वेग जेमतेम अडीच टक्क्यांनी बदलला. येथे ४५ अंश हा सर्वोत्तम कोन नाही, कारण गोळा सुटतो त्याहून २ मीटर खाली पडतो. १२ मी/से वेगासाठी सर्वोत्तम कोन सुमारे ४१.६ अंश निघतो, आणि प्रत्यक्षात गोळाफेकपटू त्याहूनही कमी कोनाने फेकतात, कारण जास्त तिरके ढकलताना हाताला तेवढा वेग देता येत नाही. वेगाचा परिणाम मात्र मोठा आहे. कोन ३७ अंशच ठेवून वेग ५ टक्क्यांनी वाढवला, म्हणजे १२.५७ मी/से केला, तर उभा घटक ७.५४ आणि आडवा १०.०६ होतो, काळ १.७७ सेकंद येतो आणि गोळा १७.८ मीटरवर पडतो, म्हणजे जवळजवळ दीड मीटर पुढे.